मार्कोस उठाव करून आला नव्हता

फिलिपिन्सचा हुकूमशहा फर्डिनांड मार्कोस लष्करी उठावातून सत्तेवर आला, असं वर एका प्रतिसादात म्हटलंय. तसं नाही. १९६५ आणि १९६९ अशा दोन निवडणुका जिंकून तो अध्यक्ष झाला. १९३५च्या राज्यघटनेनुसार तिसरी खेप शक्य नव्हती आणि मुदत १९७३च्या अखेरीस संपत होती. सप्टेंबर १९७२मध्ये त्याने मार्शल लॉ (लष्करी कायदा) पुकारला, संसदेला टाळं ठोकलं, निनॉय अकिनोंसारख्या विरोधकांना तुरुंगात टाकलं. नवी घटना तर गुप्त मतदानाऐवजी नागरिक सभांमध्ये हात वर करायला लावून संमत करून घेतली! सर्वोच्च न्यायालयानेही ती रोखली नाही, हे मला सगळ्यात भयंकर वाटतं. १९८१मध्ये मार्शल लॉ उठवला, पण फर्मानं काढायचे अधिकार त्याने स्वतःकडेच ठेवले. अकिनोंची १९८३मध्ये मनिला विमानतळावर हत्या झाली, तेव्हाही सत्ता त्याच्याच हातात होती.