मदत हवी आहे: किनाऱ्याच्या आराखड्यावर हरकत कशी लिहायची? सोमवारी सुनावणी!

पुळणवाला (गुरुवार, रात्री ११:४०)
नमस्कार मंडळी. आमची छोटी संस्था आहे. किनाऱ्यावरच्या गावांचं म्हणणं सरकारदरबारी पोचवतो. व्यापार करार, हवामानबदल, विकास आराखडे, सगळंच. सोमवारी सुनावणी आहे आणि नकाशात आमची जागाच नाही! मी १४ पानी निवेदन लिहिलंय, अध्यक्ष म्हणतात दम नाही. कोणाकडे हरकतीचा तयार नमुना आहे का? वर्डमध्ये असेल तर उत्तम. घाई आहे.

मोजणीदार
कसला आराखडा? कुठली जागा? ‘नकाशात नाही’ म्हणजे हद्दीबाहेर गेली, की आहे पण भलत्याच रंगात? एखाद्या प्रकल्पाची जनसुनावणी असेल तर पर्यावरणावरच्या परिणामांची २००६ ची अधिसूचना लागते, सीआरझेडचा (किनारा नियमन क्षेत्राचा) आराखडा असेल तर २०१९ ची. दोन्हींना एकच नमुना चालत नाही.

काका_कुर्लेकर
माहितीचा अधिकार टाका. ३० दिवसांत उत्तर द्यावंच लागतं.

मोजणीदार
काका, सुनावणी सोमवारी आहे.

काका_कुर्लेकर
मग पुढच्या वेळी उपयोगी पडेल. मी आजवर एकही अर्ज वाया घालवलेला नाही.

हिशोबनीस
संस्था म्हणालात म्हणून सांगतो. परदेशी निधी घेता का? परदेशी निधीच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर खातं स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतच लागतं, आणि प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत. फार जण इथे अडकतात.

पुळणवाला
आम्हाला निधीच नाही हो. देशीसुद्धा.
@मोजणीदार, सॉरी, सीआरझेडचा. १:४००० चा गावनकाशा. कोकणातलं गाव, नाव इथे नको. जागा म्हणजे बायकांची वाळवणाची, देवळाच्या मागून खाडीच्या तोंडापर्यंत. ऑक्टोबरपासून मेपर्यंत जवळा आणि बांगडे तिथेच सुकतात, जूनमध्ये त्याच जागेवर होड्या शाकारतात. नकाशात नुसती रिकामी पुळण दिसते. सातबारा कोणाच्याच नावावर नाही.

मोजणीदार
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं ना राव! तुमची हरकत इथेच आहे. २०१९ च्या अधिसूचनेतच म्हटलंय की मच्छीमार वस्त्या, त्यांच्या सामाईक जागा, जेट्टी, बर्फाचे कारखाने आणि मासे सुकवायच्या जागा गावपातळीच्या नकाशावर दाखवायच्या. मालकी कोणाची हा प्रश्नच नाही, वापर दाखवायचा. सातबाऱ्याच्या मागे लागू नका.

वलांडी
पालघरकडची आहे, घरी तीन पिढ्या बोंबील सुकवतोय. १४ पानं कोणीही वाचणार नाही. त्यात आहे तरी काय?

पुळणवाला
पाच पानं जागतिक व्यापार संघटनेच्या मासेमारी अनुदान करारावर, चार हवामानबदलावर. बाकी संस्थेची ओळख, कार्याचा आढावा वगैरे.

वलांडी
आणि वाळवण?

पुळणवाला
शेवटचं दीड पान.

जागतिक_जोशी
करारावरची पानं काढू नका! १७ जून २०२२ ला जिनिव्हात करार झाला, १५ सप्टेंबर २०२५ पासून लागूही झाला. खोल समुद्रात जाणाऱ्या मोठ्या जहाजांना आणि पुळणीवरून रापण ओढणाऱ्याला एकाच तराजूत तोलू नका, यावर भारत कधीपासून भांडतोय. अनुदानबंदीतून २५ वर्षांची सवलत मागितली होती. लोकांना हे कळायला नको?

वलांडी
कळू दे की. पण समोर बसलेला साहेब जिनिव्हाचा करार बदलणार आहे का? त्याच्या हातात पेन्सिल आहे ती नकाशाची. जवळा वाळायला कडक उन्हाचा एक दिवस लागतो आणि पायाखालची जागा लागते, तेवढंच सांगा.

जागतिक_जोशी
म्हणजे छोट्या लोकांनी मोठ्या धोरणावर बोलायचंच नाही?

वलांडी
बोलायचं. पण दिल्लीचं पत्र वेगळं, सोमवारचा कागद वेगळा.

सागरपुत्र७२
हे सगळं सोडा, एलईडी दिव्यांनी मासे ओढून पकडणाऱ्यांना कोण जाब विचारणार? २०१७ पासून बंदी आहे, तरी रात्री समुद्रात दिवाळी असते.

मोजणीदार
त्याचा वेगळा धागा काढा, मी येतो.
पुळणवाला, असं करा. उद्या चार बायकांना घेऊन जागेवर जा. कडेकडेने चालत फोनवर अक्षांश-रेखांश टिपा, मग गावनकाशाच्या झेरॉक्सवर लाल पेनाने हद्द ओढा. कोणाची वाळवणाची जागा कुठली, कुठे होडी शाकारतात, जाळी कुठे विणतात, हे त्यांनाच सांगू दे. हरकत एक पानाची, प्रत्येकीची वेगळी, सहीनिशी. मजकूर मात्र एकच छापू नका, नाहीतर पंचवीस हरकतींची एक धरतात. बोलायलाही त्यांनाच उभं करा, तुम्ही मागे बसा.

पुळणवाला
अध्यक्षांना आवडणार नाही. भाषण तयार आहे त्यांचं.

वलांडी
मग अध्यक्षांना सुकट पाखडायला बसवा एक दिवस.

काका_कुर्लेकर
ग्रामसभेचा ठराव आहे का? नसेल तर माहितीचा अधिकार टाकून इतिवृत्त मागवा.

मोजणीदार
काका!! (पण ठराव असेल तर नक्कल जोडाच.) आणि सुनावणीआधी एक संच कार्यालयात देऊन पोच घ्या. तोंडी बोललेलं इतिवृत्तात कसं उतरेल याचा भरवसा नाही.

पुळणवाला (शनिवार, संध्याकाळी ७:१५)
काल शुक्रवारी सकाळी गेलो होतो. मला वाटत होतं जागा एकच आहे. बायकांनी पाच दाखवल्या, त्यातल्या दोन मला संस्थेत सहा वर्षं काढून माहीत नव्हत्या. एक भरतीरेषेला इतकी लागून आहे की आता वर्षातले चार महिनेच मिळते, आधी आठ मिळायची म्हणे. हवामानबदलाच्या चार पानांऐवजी हेच एक वाक्य घातलं. दुपारी जाऊन २३ हरकती दिल्या. पोच मिळाली, पण शिक्क्यावरची तारीख पुसट आलीय. चालेल का?

मोजणीदार
नाही चालणार. सोमवारी लवकर जा, आवक क्रमांक पेनाने लिहून घ्या.

जागतिक_जोशी
ती पाच पानं मला पाठवाल का?