यादीत 'युगान्त' हवंच

फास्टर फेणेपासून दुर्गाबाई भागवतांच्या 'ऋतुचक्र'पर्यंतची तुमच्या आवडत्या पुस्तकांची यादी वाचून फार आनंद झाला. बन्या फेणेची सायकल आणि त्याचं 'ट्टॉक' आमच्याही घरात घुमायचं! त्या यादीत इरावती कर्वेंचं 'युगान्त' मात्र जरूर घाला. १९६८चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं हे पुस्तक महाभारतातल्या व्यक्तींना देव्हाऱ्यातून उतरवून माणसं म्हणून बघतं. विदुर हाच युधिष्ठिराचा पिता असेल का, हा प्रश्न इरावतीबाई पुराव्यानिशी तपासतात. खांडववन जाळण्याच्या क्रौर्याबद्दल तर कृष्णार्जुनांनाही जाब विचारतात. गोष्टीरूप महाभारत वाचून झालेल्या नववी-दहावीच्या मुलांच्या हाती हे नक्की द्या. भाषा अगदी सरळ आहे, त्यातल्या 'द्रौपदी' या लेखापासून सुरुवात केली तरी चालेल.