पाळीव कुत्र्याला पायी वारीत न्यावे का?

धागाकर्ता

आषाढीच्या सुमारास कपाळावर बुक्का लावलेल्या पाळीव कुत्र्यांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर दिसू लागतात आणि त्याखाली ‘किती पुण्यवान जीव!’ असे कौतुक सुरू होते. माझे मत स्पष्ट आहे. आळंदी ते पंढरपूर या सुमारे २५० किलोमीटरच्या पायी वाटचालीत पाळीव कुत्र्याला नेऊ नये.

माझा आक्षेप सोवळ्याओवळ्याचा नाही, हे आधीच सांगतो. २०२२ च्या मे महिन्यात एका यात्रेकरूने आपला हस्की जातीचा कुत्रा केदारनाथला नेला, त्याचे पंजे नंदीला टेकवले, आणि मंदिर समितीने पोलीस कारवाईची मागणी केली. त्या वेळी सगळी चर्चा मंदिर बाटले की नाही याभोवतीच फिरत राहिली. थंड हवेसाठी घडलेल्या त्या प्राण्याला घोडे, खेचरे आणि माणसे यांच्या रेट्यातून ती चढण चढताना काय वाटले असेल, हे फारच थोड्यांनी विचारले.

वारकरी स्वतःच्या इच्छेने निघतो आणि पाय सुजले तरी चालतो, कारण ते सोसणे त्याने पत्करलेले असते. कुत्रा मात्र वारीला निघत नाही. तो फक्त आपल्या माणसामागे निघतो, आणि थकला तरी केवळ निष्ठेपोटी चालत राहतो. त्या निष्ठेचा असा उपयोग करून घेणे मला भक्तीला धरून वाटत नाही.

सासवडकर

धागाकर्त्यांचे म्हणणे मला मान्य नाही. इच्छेचाच निकष लावायचा, तर माउलींच्या रथाला जुंपलेल्या बैलांना कोणी विचारले? अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व आधी आळंदीपर्यंत आणि मग पंढरपूरपर्यंत चालत येतात, रिंगणात धावतात, आणि त्यांच्या टापांखालची माती आपण कपाळाला लावतो. या प्राण्यांना सोहळ्यात मानाचे स्थान आहे आणि कुत्र्याचे नाव निघताच आपल्याला प्राण्यांची संमती आठवते, हे मला खटकते.

शिवाय ज्या संप्रदायात पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन धावल्याची कथा पिढ्यान्‌पिढ्या कीर्तनात सांगितली जाते, त्या संप्रदायाच्या वाटेवर कुत्रा परका कसा ठरेल? माझा कुत्रा गावठी आहे, रोज माझ्याबरोबर शेतावर येतो आणि दिवसभर माझ्यापेक्षा जास्त हिंडतो. जवळपास तीन आठवडे त्याला परक्या पाळणाघराच्या पिंजऱ्यात ठेवणे हे अधिक दयाळूपणाचे आहे, असे मला कोणी पटवून द्यावे.

पशुवैद्य, फलटण परिसर

बैल आणि घोड्यांचे उदाहरण भावनेला पटते, शरीरशास्त्राला नाही. घोड्याला अंगभर घाम येतो, म्हणून तो उष्णता बाहेर टाकू शकतो. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या तळव्यांना, आणि तोही नाममात्र. त्याची सारी भिस्त धापा टाकण्यावर असते. हवा दमट असली की तो उपायही अपुरा पडतो, आणि आषाढातली हवा दमटच असते. कुत्र्याच्या शरीराचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असते; ते १०६ च्या वर गेले, तर जीव वाचवण्यासाठी हाती फार थोडा वेळ उरतो. आपण ‘वारी म्हणजे पाऊस’ असे समजतो, पण नीरा ओलांडल्यावर लोणंद, फलटण, माळशिरस हा सगळा पर्जन्यछायेचा पट्टा लागतो. तेथे पाऊस हुलकावणी देतो आणि पालखी मार्गावरचे डांबर आणि काँक्रीट दुपारी भाजून निघते. हाताची पालथी बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून ठेवता येत नसेल, तर त्या रस्त्यावर कुत्र्याला चालवू नये, एवढी साधी परीक्षा कोणालाही करता येते.

शेतावर हिंडणारा कुत्रा मातीवर चालतो, मनाला येईल तेव्हा झाडाखाली बसतो. पुणे ते सासवड हा दिवे घाटाचा टप्पा मात्र एकाच दिवसात तीस किलोमीटरच्या वर जातो आणि तो बहुतांश डांबरावरचा असतो. त्यात गोचिडांमुळे होणारा ताप आणि साचलेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस हे पावसाळी आजार धरा. वाटेवरचे अन्नदानही कुत्र्यासाठी निर्धोक नाही. पिठल्यातला कांदा-लसूण आणि लाडूतले बेदाणे त्याला विषासारखे बाधू शकतात. पग किंवा बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना तर नेण्याचा विचारही करू नये. निरोगी, तरुण, गावठी कुत्र्याला अनेक आठवड्यांच्या सरावानंतर एखाद्या टप्प्यापुरते नेण्यास मी सरसकट नकार देणार नाही. संपूर्ण वारीला मात्र देईन.

तुळसवाली

माउली, मी डोक्यावर तुळस घेऊन दिंडीत चालते, म्हणून दिंडीच्या बाजूने लिहिते. राहुटीत आम्ही बायका खांद्याला खांदा लावून झोपतो, पहाटे अंधारातच आंघोळीची आणि चुलीची लगबग सुरू होते, आणि आमच्यातल्या कित्येकींना लहानपणापासून कुत्र्याची भीती वाटते. ‘आमचा काही करत नाही’ या एका वाक्यावर त्या भीतीची बोळवण होते, याचा मला राग येतो. वाटेतल्या प्रत्येक गावात कुत्र्यांची टोळी आपली हद्द राखून असते. परका कुत्रा दिसला की ती अंगावर येते, मालक काठी उगारतो, आणि मधे सापडतात म्हातारी माणसे. चावा कोणत्याही कुत्र्याचा असो, जखम साबणाच्या वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी लागते आणि रेबीजच्या लसीसाठी दवाखाना गाठावा लागतो. पालखीच्या गर्दीत ते किती अवघड आहे, हे चालणाऱ्यालाच कळेल. आणि नामदेव महाराज कुत्र्यामागे धावले होते, त्याला पट्टा बांधून स्वतःमागे ओढत नव्हते, एवढे सासवडकरांनी ध्यानात घ्यावे.

परदेशस्थ

युरोपातील सांतियागोच्या यात्रामार्गावर कुत्रा बरोबर घेऊन चालणारे यात्रेकरू असतात. तेथेही पुष्कळ यात्रीनिवास कुत्र्यांना घेत नाहीत आणि मालकाला बाहेर तंबू ठोकावा लागतो. पण तेथे माणूस एकटा किंवा दोघे-चौघे चालतात. कुत्रा दमला तर त्याच गावात थांबता येते. वारीत मुक्काम ठरलेला असतो आणि दिंडी कोणासाठी थांबत नाही. माझ्या मते सगळा प्रश्न या एका फरकात आहे.

पंढरपूरकर

आपण पट्ट्यातल्या कुत्र्यांवर भांडत आहोत, बिनपट्ट्याच्यांचे काय? वाटेतली भटकी कुत्री आपण होऊन पालखीबरोबर चालू लागतात. कोणीतरी बिस्किटे टाकतो, नाव ठेवतो, छायाचित्र काढतो, आणि त्या लळ्यापायी ते जनावर आपली हद्द सोडून कित्येक मैल येते. गोपाळकाल्यानंतर पालख्या परत फिरतात, वारकरी एसटी आणि रेल्वेने घरी जातात, आणि ते कुत्रे आमच्या गावात परक्या टोळ्यांच्या तावडीत राहते. जो मालक आपल्या कुत्र्याला लस टोचून आणतो आणि परतही नेतो, तो मला या बिस्किटे टाकणाऱ्यांपेक्षा कितीतरी जबाबदार वाटतो. भटक्याला चालता चालता खाऊ घालू नये. घालायचेच असेल, तर त्याच्याच गावात, त्याच्याच पाराजवळ थांबून घालावे.

सासवडकर

पंढरपूरकरांचा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो. बैल-घोड्यांबाबत आपण सोयीने गप्प राहतो, हे माझे म्हणणे कायम आहे. पण घामाचे शास्त्र मला ठाऊक नव्हते आणि त्यापुढे माझा युक्तिवाद टिकत नाही. त्यामुळे यंदा कुत्र्याला फक्त सासवड ते जेजुरी एवढेच न्यावे असा विचार आहे. तो टप्पा आदल्या टप्प्याच्या निम्म्याच्या आसपास आहे. पहाटे, पालखी हलण्याच्या बऱ्याच आधी निघायचे, दिंडीत शिरायचे नाही, आणि पुढे पंढरपूरपर्यंत मी एकटा चालेन. कुत्रा घरीच राहील. मुलगा आहे, पिंजऱ्याची गरज नाही.

धागाकर्ता

एका टप्प्यालाही माझा विरोध आहे, पण दिंडीबाहेर आणि पहाटे ही काळजी मला प्रामाणिक वाटते. तरीही एक प्रश्न उरतो. पालखीच्या दिवशी तो रस्ता इतर वाहनांसाठी बंद असतो आणि दिंड्यांच्या गाड्यांनाही पास लागतो. कुत्रा अर्ध्या वाटेत बसला, तर त्याला उचलून न्यायला गाडी येणार कोठून? वीस-पंचवीस किलोचे जनावर खांद्यावर घेऊन त्या गर्दीतून उलट दिशेने चालण्याची तयारी आहे का?

सासवडकर

गाडी मुख्य रस्त्यावर आणायची नाही. आडरस्त्याला वस्त्या आहेत, त्यांपैकी तीन ठिकाणी नातेवाइकांच्या मोटारसायकली आणि पाण्याची सोय ठेवणार आहे. ती सोय आदल्या दिवशी पक्की झाली नाही, तर कुत्रा घराबाहेर पडणार नाही.