‘दाखल केले’, ‘दाखल करून घेतले’ आणि ‘मंजूर’

प्रश्न: दोन भागीदारांच्या पैशाच्या दाव्यात एकाच्या बाजूने हुकूमनामा (निकालाचा औपचारिक आदेश) झाला, दुसऱ्याने अपील केले. मग बातमी आली: ‘अपील दाखल करून घेतले, स्थगितीचा अर्ज मंजूर’. लोक म्हणतात, निकाल फिरला. खरेच फिरला का?

उत्तर: नाही, हुकूमनामा जागच्या जागी आहे. ‘अपील दाखल केले’ याचा कर्ता पक्षकार, तर ‘दाखल करून घेतले’ याचा कर्ता न्यायालय. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश ४१, नियम ११ प्रमाणे समोरच्याला नोटीस न काढता, फक्त अपील करणाऱ्याचे ऐकूनही अपील फेटाळता येते. त्या टप्प्यावर ते फेटाळले गेले नाही, म्हणजे सविस्तर सुनावणी होणार, एवढाच ‘करून घेतले’चा अर्थ. कोण बरोबर, हे अजून कोणी ठरवलेले नाही.

‘मंजूर’ वाचताना आधी पाहा, काय मंजूर झाले? अर्ज की अपील? विलंबमाफीचा अर्ज मंजूर झाला तर फक्त उशीर माफ होतो. (वाणिज्यिक दाव्यांत तेही सोपे नाही. २०१५ च्या वाणिज्यिक न्यायालय कायद्याने अपिलाला ६० दिवस दिले आहेत, आणि थोडाच उशीर, तोही अपवाद म्हणून माफ करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले.) स्थगितीचा अर्ज मंजूर झाला तर वसुली थांबते. ‘अपील मंजूर’ असेल तरच खालचा निकाल पूर्ण किंवा अंशतः बदलला. बातमी देणाऱ्यांनी हे तीन ‘मंजूर’ एकाच मथळ्यात घालू नयेत. पैसे अडकलेल्या माणसाला त्याचा फार त्रास होतो.

शंका: पण अपील केले की वसुली आपोआप थांबतेच ना?

उत्तर: थांबत नाही. आदेश ४१, नियम ५ हे स्पष्ट सांगतो. स्थगिती मागावी लागते, मोठे नुकसान होईल हे दाखवावे लागते, तारणही द्यावे लागते. म्हणून ‘अटीवर स्थगिती’ यातला ‘अटीवर’ गाळू नका. अटीत सांगितलेली रक्कम मुदतीत भरली नाही, तर स्थगिती जाऊ शकते.

आणखी एक मत: वरच्या कोर्टाने प्रकरण खालच्या कोर्टाकडे परत पाठवले, हे सांगताना ‘रिमांड’ हा शब्दही टाळावा. कोर्टात तो रुळला असला तरी बाहेर त्याचा अर्थ कोठडी असाच घेतात. ‘फेरनिर्णयासाठी परत पाठवले’ हे लांब आहे, पण चुकत नाही. खालच्या कोर्टाने केवळ ‘दावा मुदतीत केला का’ अशा प्राथमिक मुद्द्यावर दावा निकाली काढला असेल आणि तो मुद्दा अपिलात टिकला नाही, तर प्रकरण असे परत जाऊ शकते. तिथे अपील मंजूर होऊनही पैशाचा निकाल लागलेला नसतो.

शंका: आणि कोर्टाने ‘जैसे थे’चा आदेश दिला तर? काढून टाकलेला भागीदार परत येतो का?

उत्तर: ‘जैसे थे’ म्हणजे आदेशाच्या वेळी आहे तसे. भागीदाराचा बँक खात्यावरचा सहीचा अधिकार आदेशाआधीच गेला असेल, तर तो त्यामुळे परत मिळत नाही. त्यासाठी ‘पूर्वस्थिती’, म्हणजे आधीच्या तारखेला होते तसे, मागावी लागते, आणि ती कोणत्या तारखेची हे अर्जात लिहावे लागते.