१०० वजा वय, हा नियम सगळ्यांना सारखाच कसा?

गोंधळलेला: जिकडे तिकडे एकच ऐकतोय, १०० मधून वय वजा करा आणि उरेल तेवढे टक्के शेअर्समध्ये टाका. मी २८ चा, म्हणजे ७२ टक्के. पण माझी शिल्लकच जेमतेम सहा पगारांएवढी, त्यात दोन वर्षांत पुढचं शिकायचं डोक्यात आहे. हा नियम आला कुठून?

आकडेमोड्या: नियम ढोबळच आहे रे, पण मागचा विचार पक्का आहे. तुझी खरी इस्टेट बँकेत नाहीये, पुढच्या तीसेक वर्षांच्या पगारात आहे. यालाच ह्युमन कॅपिटल म्हणतात, अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकरला १९९२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं त्यात या कामाचा मोठा वाटा होता. आता समज शिल्लक १ भाग आणि पुढच्या कमाईची आजची किंमत ९ भाग, आणि एकूण संपत्तीच्या ३० टक्क्यांवर जोखीम घ्यायची तुझी तयारी आहे, तर झाले ३ भाग, आणि तुझ्या हातात आहे १, म्हणजे सगळा टाकलास तरी कमीच पडतो! रिटायर होताना त्या ९ चं शून्य झालेलं असतं, मग तेच ३० टक्के नुसत्या शिल्लकीवर. बोडी, मर्टन, सॅम्युएलसन या अर्थशास्त्रज्ञांचा १९९२ चा पेपर याच वळणाचा, त्यांचं अजून एक म्हणणं की तरुण माणूस वेळ पडली तर जास्त काम करून तोटा भरून काढू शकतो.

हात_पोळलेला: गणित बरोबर, पण त्यात पगार बॉण्डसारखा, म्हणजे ठरलेलं व्याज देणाऱ्या रोख्यासारखा, ठरलेला धरलाय. माझा कमिशनवर होता, बाजार पडला की कमाई पण पडायची, आणि शहाण्यासारखी सगळी बचत पण शेअर्समध्येच, वर कंपनीचेच शेअर घेऊन बसलेलो. एकाच वर्षात दोन्हीकडून मार. २००१ मध्ये एनरॉन ही अमेरिकन ऊर्जा कंपनी बुडाली तेव्हा तिथल्या लोकांचं हेच झालं, नोकरी आणि म्हातारपणाचे पैसे एकदमच गेले. वय नंतर बघ, आधी तुझा पगार कसा आहे ते बघ.

संध्याकाळची_बॅच: आणि शिक्षणाचं कोणी बोलतच नाहीये. ती पण गुंतवणूकच आहे, जितकी लवकर तितकी जास्त वर्षं वसूल होते. फक्त डिग्री विकता येत नाही की गहाण ठेवता येत नाही. मी चाळिशीत शिकले, फी तेवढीच पण वसुलीला वर्षं निम्मी. दोन वर्षांत लागणारी फी शेअर्समध्ये ठेवू नकोस.

गोंधळलेला: फी बाजूला काढली तर ७२ टक्के कशाचे काढू, उरतंय काय 😅 बरं, डोक्यावर कर्ज असेल तर?

आकडेमोड्या: कर्ज म्हणजे उलटा बॉण्ड, ठरलेलं व्याज मिळायच्या ऐवजी तूच भरतोस. व्याज जबर असेल तर आधी तेच फेड.