तुम्ही पाहिलेला सगळ्यात अजब जीव कोणता?

ओसरी

आजोळच्या घराला रुंद वळचण होती. तिथे पाऊस पोचायचा नाही, त्यामुळे भिंतीकडेची माती बाराही महिने पिठासारखी कोरडी. त्या मातीत रुपयाएवढे खळगे असायचे, नरसाळ्यासारखे खाली निमुळते. काडीने एक मुंगी आत ढकलायची आणि श्वास धरून बघायचं. मुंगी चढायला लागली की तळातून कोणीतरी तिच्यावर माती उडवतं, ती घसरते, आणि चिमट्यासारखे दोन जबडे तिला आत ओढून नेतात. उकरून तळहातावर घेतला तर मातीच्याच रंगाचा, तुरीच्या दाण्याएवढा किडा, आणि चालतो फक्त मागे. आमच्या घरातलं त्याचं नाव "माघारी".

मे महिन्यात लेकीने तिथलाच एक माघारी बरणीतून पुण्याला आणला. दिवसाआड एक मुंगी द्यायची. हा पूर्ण वाढलेला किडा नव्हेच, ही अळी आहे, आणि या अवस्थेत ती दोन-दोन वर्षंही काढते. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की एवढ्या काळात तिला शी करायची सोयच नसते. आतड्याची वाट मध्येच बंद. जे उरेल ते साठवायचं आणि पंख फुटले की एकदम मोकळं व्हायचं. लेकीने हे शाळेत सांगितलं, बाईंचा विश्वास बसला नाही.

दोन आठवडे झाले, खळगा बुजलाय. काल माती चाळली तर वाटाण्याएवढी मातीची गोळी निघाली. कोश आहे तो. परत ठेवलाय, वर जाळी बांधलीय. वाट बघता बघता हा धागा काढतेय. अट एकच, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं लिहा. फॉरवर्ड आलेला माणसाच्या तोंडाचा मासा नको.

काळी माती

आमच्याकडं परभणीला मृगाचा पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी रानात लाल मखमलीचे ठिपके चालताना दिसायचे. मृगाचा किडा. बोट लावलं की पाय पोटाशी घेऊन गप्प पडणार. रिकाम्या काडेपेटीत कापूस घालून चार-पाच ठेवायचे आणि शाळेत न्यायचे. एकदा पेटी दप्तरात उघडली आणि एक जण गुरुजींच्या हजेरीवर जाऊन बसला. पुढचं सांगत नाही.

किडा म्हणतो खरं, पण मोठ्याचे पाय मोजा, आठ भरतात. कोळ्याच्या भावकीतला आहे तो. पिल्लांना मात्र सहाच पाय, आणि ती दुसऱ्या किड्यांच्या अंगाला चिकटून त्यांचा रस शोषतात. मोठा झाला की बराच काळ जमिनीखाली, पावसाच्या सुरुवातीला थोडे दिवस वर. मखमलीचा एवढा थाट आणि बालपण असलं! गेल्या साली दोन दिवस रान पालथं घातलं, तीन दिसले. मी म्हणतो फवारणी, भाऊ म्हणतो पाऊसच नीट पडला नाही.

मिरमिर

पाल चालेल का?

ओसरी

चालेल, पण माझ्या स्वयंपाकघरातली नको. ती मी रोज बघते.

खाजणातली

आमच्या खाडीत ओहोटी लागली की चिखल उड्या मारायला लागतो. निवट्या! मासा असून पाण्याबाहेर मजेत. पुढच्या परांवर कुबड्या घेतल्यासारखा सरकतो, डोळे डोक्यावर बेडकासारखे, आणि चक्क डोळे मिटतो. खरं तर डोळा खाली खोबणीत ओढून ओला करून घेतो. अंग ओलं आहे तोवर कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या बाजूने हवा घेता येते, म्हणून मध्येच कुशीवर लोळून चिखल लावून घ्यायचा. आपण गोव्याला जाऊन जे करतो तेच.

दोन नर भांडताना मी तासभर पाहिलेत. पाठीवरचा पर शिडासारखा उभा करायचा, तोंड वासायचं, एक पाऊल पुढे, एक मागे. मारामारी शेवटपर्यंत झालीच नाही, गल्लीतल्यासारखी. आजी मात्र ढोपरभर चिखलात उतरून बिळात हात घालायची आणि संध्याकाळी निवट्यांचं कालवण व्हायचं. अजब म्हणून बघायचं ते आम्हाला शहरात आल्यावर सुचलं.

बत्तीवाला

वर भावकीचा विषय निघालाच आहे तर विंचू. नोटा तपासायच्या जांभळ्या बत्तीचा टॉर्च घेऊन रायगडातल्या आमच्या गावी रात्री गडग्याकडे गेलो. दगडांच्या फटीतून एकेक विंचू हिरवट-निळा पेटलेला. दिवसा तिथे एकही दिसत नाही. टाकून दिलेली कात होती, तीही चमकत होती. उलट नुकतीच कात टाकलेला विंचू चमकत नाही, नवं कवच कडक व्हावं लागतं.

एका दगडाआड मादी होती आणि पाठीवर पांढरी तांदळासारखी पिल्लं, एकमेकांवर रचलेली. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर हे आयुष्यभर भाड्याच्या खोल्या बदलणाऱ्या वडिलांच्या तोंडून ऐकलेलं, मूळ बिऱ्हाड त्या रात्री पाहिलं.

टॉर्च घेऊन फिरण्यामागे कारणही आहे. मी लहान असताना काकूला पेंढा काढताना लाल विंचू चावला. वेदनेपेक्षा तिचे गार पडलेले हात आणि घामाने भिजलेली साडी आठवते. आधी मांत्रिक झाला, त्यात दोन तास गेले. नंतर दवाखान्यात रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या आणि काकू वाचली. प्राझोसिन. विंचवाच्या विषाने हृदयावर येणारा ताण हे औषध उतरवतं, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ८०च्या दशकात कोकणातल्या रुग्णांवर दाखवून दिलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा काकूने पेढे वाटले.

तात्या सोलापूरकर

पिल्लं पाठ फोडून आईला खातात म्हणे?

बत्तीवाला

नाही हो तात्या. पहिली कात टाकेपर्यंत पाठीवर बसतात आणि मग आपापल्या वाटेने जातात. ही कथा मीही आजीकडून ऐकलीय, बहुतेक आमच्याकडे बघून सांगायची.

तात्या सोलापूरकर

मग माझं ऐका. विहिरीच्या कट्ट्याला मांडूळ निघालं. चॉकलेटी, मनगटाएवढं जाड, शेपूट तोंडासारखं बोथट, म्हणून दुतोंड्या. सहा महिने या बाजूने चालतो, सहा महिने त्या बाजूने, हे सगळ्या गावाला पाठ. खरं म्हणजे धोका वाटला की डोकं वेटोळ्याखाली दडवायचं आणि शेपूट पुढे करायचं, एवढीच त्याची हुशारी. बिनविषारी, उंदीर खाणारं जनावर. पण बातमी फुटली आणि तासाभरात दोन अनोळखी माणसं मोटारसायकलवर हजर. वजन किती? अडीच किलो भरलं तर कोटी मिळतात! गुप्तधन, औषध, काय काय. मी म्हटलं आत्ताच गेलं रानात. तेव्हा ते आमच्या धान्याच्या कोठीत होतं. रात्री दोघांनी नेऊन ओढ्याकडे सोडलं. शेजारी अजून बोलत नाही, त्याचे कोटी बुडाले.

नारळीपौर्णिमा

ब्लू बॉटल. जुहू, पावसाळा, मुलाला वाटलं निळा फुगा आहे. पायाला चाबकाचा वळ उठावा तशी लाल रेघ. वाळूत मेलेला पडला असला तरी धागे डसतात. नंतर कळलं की हा एक प्राणीच नव्हे. फुगा एक, पोट वेगळं, डसणारे वेगळे, अशा कित्येक जिवांची सोसायटी. आमच्या सोसायटीत एवढी एकी नाही.

दूरदेशी

ब्रिस्बेनहून गाडी काढून उत्तरेला युंगेला नॅशनल पार्कात गेलो होतो, ब्रोकन नदीवर, प्लॅटिपससाठी. पहाटे पाचला लाकडी कट्ट्यावर वीसेक माणसं, सगळी कुजबुजत. आधी बुडबुड्यांची माळ, मग तपकिरी काहीतरी वर आलं, चोच हलवत चावलं, परत बुडी. जेमतेम दहा-पंधरा सेकंद. बायको म्हणाली, "एवढंसंच?" इथल्या २० सेंटच्या नाण्यावर तो असतो, त्यामुळे आम्हाला वाटत होतं निदान कुत्र्याएवढा असेल. निघाला मांजराहून लहान.

पण काय एकेक! अंडी घालतो आणि पिल्लांना दूधही पाजतो. स्तनाग्रं नाहीत, दूध कातडीतून पाझरतं. पोटात जठर नाही, अन्ननळी थेट आतड्याला. नराच्या मागच्या पायाला विषारी नखी. बुडी मारताना डोळे, कान, नाक बंद, आणि झिंग्याच्या स्नायूंतली बारीकशी वीज चोचीला कळते. १७९९ मध्ये जॉर्ज शॉ या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने कातडं पाहून त्याचं वर्णन छापलं, तेव्हा बदकाची चोच कोणी चिकटवली तर नाही ना ही शंका त्यालाही आली होती. शंका रास्तच. मीही चोचीचा सांधा शोधत होतो.

धुकटवाट

इतकं लांब कशाला, आंबोलीला या. २०२० मध्ये हिरण्यकेशीच्या देवळाच्या कुंडात माशाची नवी जात नोंदवली गेली, शिस्टुरा हिरण्यकेशी. आम्ही वर्षानुवर्षं तिथे पाय धुतलेत.

पण माझा अनुभव परसातला. पावसाळ्यात केळीचा बुंधा हलवताना कुदळीखाली हातभर लांब, काळपट, बुळबुळीत वेटोळं. अंगभर बारीक वळ्या, डोळे असून नसल्यासारखे. बाबांनी काठी उगारली. काकांनी थांबवलं. वेटोळ्याच्या मधोमध साबुदाण्याच्या टपोऱ्या घोसासारखी अंडी, आणि आई त्यांना गुंडाळून बसलेली. माती उघडी पडली तरी हलली नाही. देवगांडूळ. गांडूळ नाही, साप नाही, पाय नसलेला बेडकाचा चुलत भाऊ. विषारी साप म्हणून लोक ठेचतात. आम्ही माती परत लोटली, केळ तिथेच राहिली. त्या वर्षी बाबांनी परसात कुदळ चालवू दिली नाही.

मिरमिर

आता पालीबद्दल लिहायची लाज वाटतेय.

ओसरी

लिही गं, लाजतेस काय!

आणि बातमी आहे. काल रात्री साडेअकराला जाळीवर फडफड झाली. चतुरासारखे लांब, जाळीदार चार पंख, पण मिशांना टोकाला गाठ, उडणं अगदी दुबळं. खिडकी उघडली, तर बाहेर जायचं सोडून आधी ट्यूबलाइटला धडकला. मग गेला. बरणीत फुटकी मातीची गोळी आणि शेजारी एक कडक, गुळगुळीत कण. लेकीने तो काडेपेटीत घातलाय. सोमवारी बाईंना दाखवणार आहे.