मदत हवी आहे: येऊरची ही गांधीलमाशी कोणत्या प्रजातीची (genus)?
मंडळी, ठाण्यात आमच्या मोरीच्या खिडकीत पोट झेंड्यासारखं हलवणारी काळी गांधीलमाशी नेहमी येते. ती इव्हेनिया अपेंडिगॅस्टर असावी. झुरळाच्या अंड्यांच्या डबीत अंडं घालते आणि झुरळांबरोबरच जहाजांतून जगभर पोचली. (आई चप्पल उगारते, मी आडवा येतो!)

परवा येऊरच्या जंगलात तशीच, पण लहान आणि लालसर छातीची दिसली. पोट पाठीवर उंच जोडलेलं. तसं ते गॅस्टरप्टिइडी, ऑलॅसिडी या भावकीतल्या कुळांतही असतं, पण त्यांचं पोट लांबट, हिचं अगदी आखूड आणि चपटं. म्हणजे कुळ इव्हेनियाचंच, इव्हेनिइडी ना? प्रजाती मात्र इव्हेनिया की प्रोसेव्हेनिया, हे फोटोवरून कसं ठरवायचं? पंखांच्या शिरा बघू की पायांची मुळं? सह्याद्रीतल्या जातींची यादी कुणाकडे असेल तर सांगा.